चाकू, बोरू आणि मुन्शी घाट

काशीस गेलेला मराठी यात्रेकरू दशाश्वमेधावर स्नान करतो, शीतलेच्या देवळापाशी हात जोडतो, आणि तेथून दक्षिणेकडे, म्हणजे गंगेच्या प्रवाहाच्या उलट दिशेने, थोडे चालून अहिल्याबाई घाटावर आला की हमखास थांबतो. परमुलखात घरच्या माणसाचे नाव कोरलेले आढळावे, तसे त्याला तेथे होते. त्याच्या पुढचा घाट मात्र तो बहुधा न थांबताच ओलांडून जातो. हा पुढचा घाट म्हणजे मुन्शी घाट.

वाचकहो, आपण काशीस जाल तेव्हा येथे घटकाभर टेकावे अशी माझी शिफारस आहे. येथे मोठे देवालय नाही, आरतीची गर्दी नाही, आणि त्यामुळेच बसावयास जागा आहे. चुनारच्या वालुकाश्मात बांधलेल्या उभ्या, दमछाक करणाऱ्या पायऱ्या. त्यांच्या माथ्यावर किल्ल्याच्या तटासारखी उंच दगडी भिंत आणि शेजारी खांबांच्या ओळींचा भव्य वाडा. हा घाट आणि लगतचा दरभंगा घाट पूर्वी एकच होता. १९१५ साली दरभंग्याच्या राजघराण्याने वाडा व त्यासमोरचा भाग विकत घेतला, तेव्हापासून त्या भागास दरभंगा हे नाव पडले, आणि उरलेल्या पायऱ्यांनी जुने नाव जतन केले. ते नाव श्रीधर नारायण मुन्शी यांचे. नागपूर संस्थानचे मंत्री म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. तेव्हा अहिल्याबाई घाटावर थांबणाऱ्या मराठी माणसाने आणखी वीस-पंचवीस पावले टाकण्यास हे एवढे कारणही पुरेसे आहे. त्या वाड्यात आज उंची हॉटेल चालते. पायऱ्या मात्र पूर्वीप्रमाणेच नावाड्यांच्या, धुणे वाळत घालणाऱ्यांच्या आणि आमच्यासारख्या रिकामटेकड्यांच्या राहिल्या आहेत.

मला ह्या घाटावर एक वेगळाच विषय सुचला. तो ऐकून आपण हसाल. पण त्याचा धागा घाटाच्या नावातच आहे.

मुन्शी म्हणजे लिहिणारा. फारसी दरबारांत पत्रव्यवहार सांभाळणारा जो लेखनिक, तो मुन्शी. आपल्याकडे मराठ्यांच्या दरबारात हेच फारसी पत्रव्यवहाराचे काम पारसनीस करीत. कोणत्याही मुन्शीचे किंवा पारसनिसाचे सामान पाहिले तर त्यात दौत, बोरू आणि वाळूची डबी यांच्याबरोबर एक लहानसा चाकू असावयाचाच. फारसीत त्याला कलमतराश म्हणतात. लेखणी तासणे हे त्याचे काम, आणि तेवढेच त्याचे काम. बोरूचे टोक प्रथम लांब तिरक्या कापाने उघडावयाचे, आतला गर खरवडून टाकावयाचा, दोन्ही बाजू निमुळत्या करावयाच्या, मध्ये शाई उतरण्यासाठी चीर द्यावयाची, आणि अखेरीस हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या पट्टीवर टोक ठेवून एकाच दाबात त्याला तिरका छेद द्यावयाचा. हा शेवटचा छेद जरा फाटला की अक्षर फाटले. मोडीची सारी दप्तरे अशाच तासलेल्या बोरूंनी लिहिली गेली आहेत. युरोपातही निराळे नव्हते. तेथे बोरूऐवजी पक्ष्याचे पीस असे, आणि ते तासणाऱ्या चाकूला इंग्रजीत लेखणीचाच चाकू म्हणत. पीस गेले, लेखणी गेली, तरी खिशातल्या लहान चाकूला इंग्रजीत आजही पेननाइफ हेच नाव आहे.

ह्या चाकूविषयी कोणा मुन्शीची निराशा झाली असेल असे मला वाटत नाही. त्याचे पाते पातळ असे, मालक त्याला वरचेवर दगडावर घाशी, आणि त्याच्याकडून काय मागावयाचे हे त्याला नेमके ठाऊक असे. मग एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी टाकांचा पूर आला, बोरू तासण्याची गरज हळूहळू संपली, आणि तो चाकू बेकार झाला. बेकार माणसाने करावे तेच त्याने केले. मिळेल ते काम तो पत्करू लागला.

ह्या नव्या संसाराचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे स्वित्झर्लंडचा सैनिकी चाकू. तेथील सैन्याच्या नव्या बंदुकीचे भाग सुटे करण्यास पेचकस लागे, आणि डब्यातले अन्न खाण्यास डबा फोडण्याचे हत्यार लागे. ही दोन्ही कामे, शिवाय पाते आणि भोके पाडण्याची आरी, अशी चार अवजारे एका मुठीत असलेला चाकू सैन्याने मागविला. पहिली खेप जर्मनीतील झोलिंगन गावाहून आली. आपल्या सैन्याचा चाकू परदेशाहून यावा हे इबाख येथील कार्ल एल्सनर या चाकू-कारागिरास रुचले नाही, आणि १८९१ पासून त्याने तो स्वदेशात करून देण्यास प्रारंभ केला. पुढे १८९७ साली त्याने अधिकाऱ्यांसाठी अधिक हलका चाकू नोंदविला; त्यात दुसरे लहान पाते आणि बाटलीचे बूच काढण्याचा स्क्रू आला. जगभर लाल मुठीचा म्हणून ओळखला जातो तो चाकू ह्याचाच वंशज. येथे एक गोष्ट आपल्या ध्यानात आली असेल. त्या पहिल्या चाकूतील प्रत्येक अवजारामागे एक खरीखुरी अडचण होती. पुढे त्याची नक्कल करणाऱ्यांनी अवजारे घेतली, अडचणी घेतल्या नाहीत.

आता मी आपल्याला ज्या चाकूची हकिगत सांगणार आहे, तो ह्या नकलांपैकीच एक.

गेल्या माघात आमच्या यात्रेच्या बसमध्ये सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी होत्या. सगळी बस त्यांना गुरुजी आणि काकू म्हणे, म्हणून मीही म्हणतो. गुरुजींच्या कमरेच्या पट्ट्याला एक चामडी पाकीट होते, आणि त्यात अकरा अवजारांचा चाकू. तो त्यांनी निवृत्त झाले त्याच महिन्यात एका प्रदर्शनातून घेतला होता. किंमत कितीशी हे काकूंसमोर ते सांगत नसत. नोकरीच्या तीस वर्षांत जे जमले नाही ते आता करावयाचे, असा त्यांचा संकल्प होता. सह्याद्रीतले गड एकेक करून पाहावयाचे, नर्मदेची परिक्रमा करावयाची, हिमालयात निदान एकदा तरी तंबूत झोपावयाचे. ह्या साऱ्यासाठी चाकू पाहिजेच. तो घरी आला, आणि त्याच वर्षी गुरुजींच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. सहा वर्षे चाकू पावतीसह कपाटात राहिला. काशीची ही यात्रा त्याची पहिली मोहीम.

विश्वनाथाच्या दर्शनाला चाकू नेता येत नाही, हे आपल्यास माहीत असेलच. मोबाईल आणि चाकू दोन्ही बाहेर कुलपाच्या कप्प्यात ठेवावे लागतात. गुरुजींच्या चाकूला स्वतंत्र कप्पा आणि स्वतंत्र किल्ली मिळाली. "सहा वर्षांत प्रथमच त्याची कोणी दखल घेतली," असे काकू म्हणाल्या.

दर्शनानंतर आम्ही मुन्शी घाटावर येऊन बसलो. नदी हिवाळ्यात खाली गेलेली असते, त्यामुळे खालच्या पायऱ्याही मोकळ्या होत्या. वरच्या गल्लीतून काकूंनी पेरू आणले होते, ते चांगले पिकलेले, सुवासिक होते. गुरुजींनी पाकिटाचे बटण सोडले. मोठे पाते उघडण्यास नख पुरेना, म्हणून लहान पाते उघडून त्याच्या टोकाने मोठे पाते वर काढले. पेरूवर पाते ठेवून दाबले. पेरूची साल आत गेली, गर बाजूला दबला, रस बोटांवर आला, आणि अखेर पेरू कापला न जाता फुटला. दुसऱ्या पेरूचेही तेच झाले. काकूंनी काही न बोलता पिशवीतून रुमालात गुंडाळलेली घरची सुरी काढली. मुठीला सुतळी गुंडाळलेली, घासून घासून निम्मी झालेली ती सुरी होती. तिने उरलेल्या पेरूंच्या पाकळ्या केल्या आणि मिठाच्या पुडीसह आमच्या पुढे ठेवल्या.

गुरुजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "काशीस आल्यावर काहीतरी सोडावयाचे असते ना? मी हा चाकू सोडतो. येथेच गंगेला देतो."

काकू म्हणाल्या, "सोडावयाचे असते ते आवडीचे. नकोसे झालेले टाकायला काशीस कशाला यावे लागते? आणि गंगेत आधीच काय थोडे आहे, म्हणून तुमचे लोखंड आणखी?"

गुरुजींनी चाकू पुसून पाकिटात ठेवला. त्यांचा चेहरा पाहून मला हसू आले नाही. माणूस चाकू विकत घेतो तेव्हा तो पाते विकत घेत नाही. ते पाते जेथे वापरले जाईल ते दिवस विकत घेतो. गुरुजींच्या खिशात रायगड होता, अमरकंटक होते, बर्फात रोवलेला तंबू होता. पेरूने एवढेच दाखविले की पाते बोथट आहे. बाकीचे गुरुजींना स्वतःलाच कळले असावे.

तथापि पात्याकडूनही काही अपेक्षा होत्या आणि त्या रास्त होत्या, हे नाकारता येणार नाही. तो चाकू का कापीत नव्हता, हे थोडे समजून घेण्याजोगे आहे. आपल्या घरातही असा एखादा चाकू असेल.

पोलाद कठीण होते ते त्यातील कार्बनमुळे आणि त्याला दिलेल्या पाण्यामुळे. आपल्या गावचा लोहार विळ्याला किंवा कुऱ्हाडीला पाणी देतो, म्हणजे ती लालभडक तापवून एकदम थंड करतो. त्यायोगे पोलाद अतिशय कठीण होते, परंतु काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून त्याला पुन्हा हलके, सुमारे दोनशे अंशांपर्यंत, तापवून थोडा चिवटपणा आणावा लागतो. ह्या दोन क्रियांपैकी एक जरी चुकली तरी पाते निकामी. पहिली अपुरी झाली तर धार वळते, दुसरी टाळली तर धार तुटते. आणि पोलादात मुळात कार्बनच कमी असेल, तर जगातला कोणताही लोहार त्याला पाणी चढवू शकत नाही. खेदाची गोष्ट ही की, यांपैकी काहीही डोळ्यांना दिसत नाही. उत्तम पाणी दिलेले पाते आणि नुसत्या पत्र्यातून कापलेले पाते दुकानाच्या काचेत सारखेच चकाकतात. किंबहुना दुसरे थोडे अधिकच.

चकाकणाऱ्या पोलादाचा इतिहासही निराशेनेच सुरू होतो. १९१३ साली शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली हा धातुतज्ज्ञ बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून क्रोमियम मिसळलेले पोलाद तयार करीत होता. हे पोलाद गंजत नाही असे त्याला आढळून आले, आणि शेफील्ड हे चाकू-सुऱ्यांचेच गाव असल्यामुळे त्याने ते तेथील कारागिरांना दिले. त्यांनी नेहमीच्या पद्धतीने ते घडविले, नेहमीच्या पद्धतीने त्याला पाणी दिले, आणि ज्या सुऱ्या झाल्या त्या कापीतच ना. न कापणाऱ्या सुरीचा संशोधक, अशी त्याची थट्टा झाली. नव्या पोलादाला अधिक उष्णता लागते, हे ध्यानात आल्यावर त्याच्या चांगल्या सुऱ्या होऊ लागल्या. आज आपल्या स्वयंपाकघरातील बहुतेक सुऱ्या ह्याच वंशातल्या आहेत. परंतु न गंजणारे म्हणजे चांगले, हा जो समज त्या काळी रूढ झाला, तो काही गेला नाही. काकूंची सुरी साध्या पोलादाची होती. ती काळी पडली होती, कडेने गंजलीही होती, आणि पेरू कापीत होती.

आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते ते पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. पाते कठीण असूनही जाड असेल तर ते कापीत नाही, पाचरेसारखे फोडते. खिशातल्या चाकूने डबा उघडावा, खिळा उचकटावा, वेळप्रसंगी लाकूडही फोडावे, अशी ग्राहकाची इच्छा असते. आणि मोडलेल्या पात्याची तक्रार येण्यापेक्षा बोथट पात्याची आलेली बरी, असे कारखानदारास वाटते. म्हणून पाते जाड ठेवतात. पुन्हा अकरा अवजारे मुठीत मावावयाची तर मूठ रुंद होते, हातात रुतते, आणि आपल्याला हवे असलेले एक अवजार काढताना दुसरी दोन बाहेर येतात. मुन्शीच्या चाकूला हा ताप नव्हता.

दुपारी आम्ही पंचगंगा घाटापर्यंत जाण्यासाठी नाव ठरविली. नावाडी विशी-बाविशीचा होता. गेल्या काही वर्षांत काशीतील पुष्कळ नावांना सी. एन. जी. वर चालणारी इंजिने बसली आहेत. ह्या नावेलाही होते. वल्ह्यांची नाव शांत असते, परंतु तीत आम्हा दहा माणसांना घेऊन येताना प्रवाहाविरुद्ध कोणाचा दम टिकावा? परतीच्या वाटेवर, मणिकर्णिका मागे पडल्यावर, इंजिन दोनदा गुरगुरले आणि बंद पडले. पंख्यात काहीतरी अडकले होते. गंगेत सोडलेली वस्त्रे, झेंडूच्या माळा, नायलॉनचे दोर, जाळ्यांचे तुकडे हे सारे नावेच्या पंख्याभोवती गुंडाळले जाते, आणि ते कापून काढल्यावाचून पंखा फिरत नाही. नाव प्रवाहाबरोबर मागे वाहू लागली. घाटाला बांधलेल्या मोठ्या बजऱ्यांची रांग समोर होती, आणि आपली नाव आडवी होत त्यांच्या रोखाने चालली आहे हे आम्हा सर्वांस दिसत होते. नावाडी मागच्या टोकाला ओणवा झाला, हात पाण्यात घालून चाचपला, आणि ओरडला, "चाकू! कोणाकडे चाकू आहे का?"

गुरुजींच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला तो मी विसरणार नाही. पाते उघडून त्यांनी चाकू पुढे केला. नावाड्याने तो घेतला आणि पाण्याखाली दोराच्या गाठीत पात्याचे टोक खुपसून ढकलले. टोकाला अडथळा झाला, मूठ पुढे गेली आणि पाते मिटले, ते त्याच्या तर्जनीवर. त्याने हात बाहेर ओढला. रक्त होते, पण जखम खोल नव्हती. पात्याला धार असती तर गोष्ट निराळी झाली असती. त्याने चाकू फळीवर टाकला, धाकट्या भावाला वल्ह्याने बजऱ्यापासून नाव दूर ठेवण्यास सांगितले, आणि बैठकीखालच्या डब्यातून एक काळी पट्टी काढली. लोखंड कापण्याच्या करवतीचे ते तुटके पाते होते. एका बाजूला दगडावर घासून त्याला धार आणलेली, दुसऱ्या बाजूचे दाते तसेच ठेवलेले, आणि धरण्यासाठी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. दोन-तीन मिनिटांत त्याने केशरी कापडाचा आणि निळ्या दोराचा एक ओला गोळा पाण्यातून वर काढला. तोवर आमची नाव एका बजऱ्याला घासून गेली होती, आणि काकू मोठ्याने गंगेचे नाव घेत होत्या.

काकूंनी त्याच्या बोटाला पट्टी बांधली. गुरुजी त्याला पुनःपुन्हा म्हणत होते, "बाळा, चूक त्या चाकूची, तुझी नव्हे." नावाडी हसत होता. "बाबूजी, असा एक माझ्याकडेही होता," तो म्हणाला. "खटक्याचा. मेळ्यात घेतला, कमरेला लावून तीन दिवस फिरलो. मग सांध्यात वाळू गेली. उघडेना."

मिटणाऱ्या चाकूची ही दोन दुखणी जन्मजात आहेत. त्याचा जीव असतो त्या एका खिळ्यात, ज्यावर पाते फिरते. साध्या कमानीच्या चाकूत पाते उघडे राहते ते पाठीमागच्या पोलादी पट्टीच्या दाबाने. ओढून कापताना ते ठीक राहते, परंतु टोकाने भोसकताना किंवा ढकलताना मिटू शकते. फ्रान्समधील ओपिनेल नावाच्या लाकडी मुठीच्या चाकूने १९५५ साली ह्यावर एक साधा उपाय काढला. खिळ्याभोवती फिरणारे एक कडे बसविले. ते फिरविले की पाते मिटत नाही. आमच्या गुरुजींच्या चाकूत अकरा अवजारांना जागा होती, त्या एका कड्याला नव्हती.

खटक्याचा चाकू म्हटला की उत्तर हिंदुस्थानात रामपूरचे नाव निघते. रामपूर ह्याच राज्यात, काशीहून वायव्येस बरेच दूर. नबाबांच्या ह्या गावच्या कारागिरांनी असा चाकू केला की तो उघडताना होणारा आवाजच त्याची कीर्ती झाला. हिंदी चित्रपटांनी ती कीर्ती घरोघर नेली. १९६५ च्या ‘वक्त’मध्ये राजकुमार यांच्या तोंडी असलेला चाकूविषयीचा संवाद आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. परंतु ज्या चाकूची कीर्ती भीतीवर उभी आहे त्याच्या मालकाला तो नेहमीच निराश करणार. तो दाखविता येतो, वापरता येत नाही. आणि दाखविला तर पोलीस येतात. १९९० नंतरच्या दशकात उत्तर प्रदेशात साडेचार इंचांहून लांब पात्याच्या अशा चाकूंवर बंदी आली, आणि कारागिरांची संख्या घटत गेली. २०२३ साली रामपूरच्या एका चौकात सहा मीटरांहून लांब असा प्रचंड चाकू उभारण्यात आला. गावच्या हस्तकलेचा हा गौरव होय, त्याबद्दल दुमत नाही. परंतु जो चाकू खिशातून उठून चबुतऱ्यावर गेला, त्याच्याकडे पेरू घेऊन कोण जाणार?

आपल्याला चाकू घ्यावयाचाच असेल, तर मी दोन-चार गोष्टी सुचवितो. पात्यांची संख्या मोजण्याऐवजी मोठे पाते उघडून ते डावी-उजवीकडे हलवून पाहावे. खिळ्यापाशी हलणारे पाते घरी आल्यावर घट्ट होत नाही. पात्याची पाठ जाड असली तरी चालते, परंतु धारेकडे ते चांगले पातळ होत गेले पाहिजे. टोकाने दाब पडणाऱ्या कामासाठी हवा असेल तर पाते अडकविण्याची सोय असलेलाच घ्यावा. कारखान्यातून आलेली धार अंतिम नसते, म्हणून बारीक कणांचा धारेचा दगड त्याच दिवशी विकत घ्यावा, आणि दर महिन्यास पाच मिनिटे त्याला द्यावीत. घाटावरच्या पायरीवर पाते घासणारे नावाडी मी पाहिले. वालुकाश्म त्यासाठी जरा भरड पडतो, दोराला ती धार चालते, फळाला चालत नाही. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब घालावा. खोबरेल नको, ते पुढे चिकट होते. विमानाने जाणार असाल तर चाकू हातातल्या पिशवीत ठेवू नये, तो सामानात टाकावा. आणि घरात लहान मुले असतील तर कोठे ठेवावा हे मी सांगावयास नको.

त्याच संध्याकाळी दशाश्वमेधाच्या मागच्या गल्लीत सायकलवर सहाण बसविलेला एक धारवाला आम्हाला दिसला. गुरुजींनी चाकू त्याच्या हाती दिला. त्याने अंगठा पात्यावरून आडवा फिरविला, कानशीच्या कोपऱ्याने पात्याच्या मुळाशी एक बारीक ओरखडा काढून पाहिला, आणि मान हलविली. कानस चटकन रुतली होती. कठीण पोलादावर ती घसरते. तो म्हणाला, धार लावतो, पण दोन-चार दिवस टिकेल. गुरुजी म्हणाले, लाव. ठिणग्या उडाल्या, पाते पातळ झाले, आणि त्याने कागदाची एक पट्टी सरळ कापून दाखविली. गुरुजींनी पैसे दिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पेरू आणले.

ह्या खेपेस ते कापले गेले. काकूंनी आपली सुरी काढली नाही. परतीच्या प्रवासात जबलपूरच्या पुढे त्यांच्या तळहातात लाकडी बाकाची एक बारीक कुसळ गेली. ती काढण्यास गुरुजींच्या चाकूच्या मुठीतला चिमटा कामास आला, आणि तो उत्तम निघाला. डब्यातील एका बाईंनी तो मागून घेतला, मग दुसऱ्या एकांनी नातवासाठी कात्री मागितली. इगतपुरी येईपर्यंत चाकू कोणा ना कोणाच्या हातात होता. मोठे पाते मात्र कोणी उघडले नाही.